लहानशा किनारी गावांना महासागर ओलांडणारी जहाजं बांधणं कसं जमायचं?

तुमचं म्हणणं असं, की या गावांत ना कारखाना होता, ना इंजिनिअर, ना पैसा. मग तिथल्या सुतारांनी महासागर पार करणारी जहाजं बांधली कशी? पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर तसं सोपं आहे. तिसरी, पैशाची, हीच मला खरी गंमतीची वाटते. लोक जहाजांचे फोटो बघतात, शिडांचं कौतुक करतात, आणि याचे पैसे भरले कुणी ते विचारत नाहीत. तुम्ही विचारलंत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कारखान्याचं. लाकडी जहाज बांधायला डोक्यावर छप्परसुद्धा लागत नाही. पाण्याकडे उतरत गेलेली घट्ट जमीन हवी आणि समोर, निदान मोठ्या भरतीला तरी, जहाज तरंगेल इतकं पाणी हवं. ओंडके मांडायचे, त्यांवर पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, ठेवायचा आणि तिथून वर चढत जायचं. लाकूड गावाजवळ असलंच पाहिजे असंही नाही. ओमानमधलं सूर बघा. मागे उघडेबोडके डोंगर, जहाजाच्या कामाचं झाड औषधालाही नाही. तरी तिथे घंजा नावाची मोठी गलबतं बांधली जात, कारण मलबारचं सागवान समुद्रावरून तिथवर यायचं. जहाजं होती म्हणून लाकूड येई, आणि लाकूड येई म्हणून पुढची जहाजं होत.

आता इंजिनिअरचं. जगभरात यावर दोन तोडगे निघालेले दिसतात. पहिल्यात आधी फळ्या एकमेकींना कडेला जोडत बाहेरचं कवच उभं करायचं आणि मग त्याच्या आकाराप्रमाणे आतल्या बरगड्या तासून बसवायच्या. इंडोनेशियात दक्षिण सुलावेसीच्या ताना बेरूत पिनिसी जहाजं अशीच बांधतात. 2017 मध्ये युनेस्कोने त्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. केरळातल्या बेपूरचे उरू, म्हणजे मोठी लाकडी जहाजं, बांधणारे मिस्त्रीही कागदावरच्या आराखड्याशिवाय काम करण्यासाठी प्रसिद्ध आहेत. याला ‘नुसत्या नजरेने बांधतात’ असं म्हटलं की जादू वाटते, आणि तिथेच आपण फसतो. विसावं जहाज एकोणिसाव्यापेक्षा बोटभरच वेगळं असायचं. शिवाय बांधलेलं जहाज डागडुजीला त्याच किनाऱ्यावर परत येई. कुठली फळी सुटली, कुठला सांधा पाणी खातो, हे ज्याने बांधलं त्यालाच दिसायचं. अशा चुका दोन-तीन पिढ्या जमत गेल्या की नजर तयार होते.

दुसऱ्या पद्धतीत आधी बरगड्यांचा सांगाडा उभा करायचा आणि मग फळ्या चढवायच्या. यात आकार आधीच ठरलेला लागतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सुतारांनी त्यासाठी जी युक्ती वापरली ती मला फार आवडते: अर्धा साचा. पाच-सहा पातळ फळ्या एकावर एक रचून लाकडी खुंट्यांनी पक्क्या करायच्या आणि त्या ठोकळ्यातून जहाजाची एकच बाजू कोरायची. दुसरी तशीच असणार, मग दोनदा कशाला कोरा? आकार मनासारखा झाला की खुंट्या काढून फळ्या सुट्या करायच्या. प्रत्येक फळीची कड म्हणजे त्या उंचीवरची जहाजाची बाह्यरेषा. ती मोजायची, पाव इंचाला एक फूट धरून 48 पट करायची आणि जमिनीवर खडूने आखायची. झाला आराखडा.

हौस म्हणून मी एकदा असा हातभर साचा करून पाहिला. दोन दिवस रंधा मारल्यावर लांबून अगदी गुळगुळीत दिसत होता. डोळे मिटून हात फिरवला तर मध्याच्या जरा मागे, डोळ्याला अजिबात न दिसलेला उंचवटा अंगठ्याला लागला. तो काढायला गेलो आणि तिथे खड्डा पडला. खऱ्या जहाजात तो 48 पट मोठा झाला असता. त्या दिवसापासून ‘अडाणी सुतार’ हा शब्दप्रयोग मी सोडून दिला.

आता पैसा. ब्रिटनमध्ये आणि तिच्या वसाहतींत जहाजाची मालकी 64 हिश्श्यांत मांडायची पद्धत होती, ब्रिटनमध्ये अजूनही आहे. अर्ध्याचं अर्धं करत गेलं की सहाव्या खेपेला 64 येतात, त्यामुळे वारसांत वाटणीही सोपी. वेल्समधल्या पोर्थमाडोगमध्ये याचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. मागच्या डोंगरांतल्या खाणींची छपराची पाटी-दगडाची कौलं 1836 पासून रुळांवरून बंदरात उतरू लागली. 1842 मध्ये हॅम्बुर्ग शहराचा मोठा भाग आगीत जळाला आणि जर्मनीत कौलांना मागणी वाढली. माल होता, गिऱ्हाईक होतं, जहाजं हवी होती. तेव्हा शेतकरी, दुकानदार, खाणकामगार, धर्मोपदेशक, विधवा अशा लोकांनी एकेक-दोनदोन हिस्से घेतले. शिडं शिवणारा आणि दोर वळणाराही कधी भागीदार असायचा. गावात बँक नव्हती म्हणता? जहाज हीच त्यांची बँक होती.

ही व्यवस्था गोड दिसते, पण तिच्यात एक भयंकर गोम होती. हिस्सा गावाचा तसे खलाशीही गावचेच. जहाज बुडालं की एकाच घरातली शिल्लकही जायची आणि मुलगाही. जोखीम वाटली जावी म्हणून लोकांनी आपसांत विम्याची मंडळं काढली. एकाचं जहाज गेलं की बाकीच्यांनी वर्गणी भरायची. पण सगळ्यांची जहाजं त्याच वाऱ्यावादळांतून जात. वाईट हिवाळा आला की भरपाई देणारे आणि मागणारे एकच.

याच्या उलट एकट्याच्या हिमतीचं उदाहरण नोव्हा स्कोशियातल्या मेटलंड गावचं. विल्यम लॉरेन्स या जहाजबांधणाऱ्याने घर गहाण टाकून आपल्या घरासमोरच एक अवाढव्य लाकडी जहाज बांधलं. 1874 मध्ये ते पाण्यात उतरलं. सगळ्या डोलकाठ्यांवर आडवी चौकोनी शिडं असलेलं, कॅनडात बांधलेलं ते सर्वांत मोठं लाकडी जहाज. लोकांनी वेड्यात काढलं होतं, पण कर्ज फिटलं आणि जहाजाने नफाही कमावला. मला विचाराल तर यात नशिबाचा वाटा मोठा.

मग हे सगळं संपलं कशामुळे? सुतार विसरले म्हणून नाही. एक तर लाकडाला मर्यादा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात 1909 मध्ये ‘वायोमिंग’ नावाचं सहा डोलकाठ्यांचं जहाज बांधलं, सगळी लांबी धरून सुमारे 137 मीटर. एवढा लाकडी सांगाडा लाटांवर वाकतो, फळ्यांचे सांधे उघडतात, पंप सतत चालू ठेवावे लागतात. 1924 मध्ये ते सगळ्या खलाशांसकट बुडालं. दुसरं, लोखंडी जहाज आणि वाफेचं इंजिन घ्यायला जो पैसा लागतो तो शिंपी आणि शेतकऱ्यांच्या हिश्श्यांतून उभा राहत नाही. पोर्थमाडोगचं शेवटचं जहाज ‘गेस्टियाना’ 1913 चं, आणि ते पहिल्याच सफरीत नष्ट झालं. पुढच्या वर्षी महायुद्ध लागलं आणि जर्मनीचा व्यापारही बंद झाला.

काही ठिकाणी लोक चिवटपणे टिकले. बाल्टिकमधल्या ऑलंड बेटांवर गुस्ताफ एरिक्सन नावाचा जहाजमालक इतरांनी मोडीत काढायला ठेवलेली शिडाची पोलादी जहाजं स्वस्तात विकत घ्यायचा आणि त्यांतून ऑस्ट्रेलियाचा गहू युरोपात आणायचा. जहाजांचा विमाच तो उतरवत नसे. ताफा इतका मोठा, की एखादं गेलं तर बाकीच्यांनी भरून काढावं, असा हिशेब. वर्गणीच्या विम्याचीच ही एका माणसाची आवृत्ती म्हणा ना.

तुम्हाला यात पुढे खोदायचं असेल तर जहाजांच्या चित्रांपेक्षा ब्रिटिश बंदरांची जुनी नोंदणीपुस्तकं उघडा. जहाजाच्या नावाखाली हिस्सेदारांची यादी असते आणि प्रत्येकाच्या नावापुढे धंदा लिहिलेला असतो. शेतकरी, किराणावाला, लोहार, आणि मधूनच नुसतं ‘विधवा’.