लेओव्हर (मधला थांबा) किती तासांचा ते नंतर, आधी बॅग कुठे मिळते ते बघा

प्रश्न (भुसावळ): मुलीला डब्लिनला एमएससीला अ‍ॅडमिशन मिळालंय, आयर्लंडचा व्हिसाही आला. मुंबई-अ‍ॅमस्टरडॅम एक तिकीट आणि पुढे डब्लिनचं दुसरं असं काढलं तर बरेच पैसे वाचतात. काढू का?

नका काढू भाऊ. दोन वेगळी तिकिटं असली की बॅग साधारण अ‍ॅमस्टरडॅमपर्यंतच टॅग होते, मग पोरीला बेल्टवरून ती घेऊन परत चेक-इन करावं लागणार, आणि बेल्ट असतो इमिग्रेशनच्या पलीकडे, तिकडे जायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) पाहिजे. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, म्हणजे तिचा व्हिसा तिथे चालायचा नाही. आणि हे अ‍ॅमस्टरडॅमला गेल्यावर नाही, मुंबईतच कळतं, काउंटरवर टिमॅटिक नावाच्या सिस्टीममध्ये पासपोर्ट, व्हिसा, रूट सगळं बघतात, कागद कमी पडले तर बोर्डिंग पासच देत नाहीत, कारण असा पॅसेंजर नेला तर दंड आणि परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते. रात्रभर ट्रेनने मुंबईला गेलेली माणसं सामानासकट परत फिरतात, फार वाईट वाटतं. दोहा किंवा अबुधाबीमार्गे एकाच पीएनआरचं तिकीट घ्या, बॅग थेट डब्लिनला जाते, आतल्या आत विमान बदलायचं, व्हिसा लागत नाही.

प्रश्न (रावेर): आम्ही काही शेतकरी इक्वाडोरला केळीच्या बागा बघायला जातोय. तिकीट मायामीमार्गे आहे, थांबा फक्त तीन तासांचा. अमेरिकेचा व्हिसा लागेल?

लागेल, एक तास थांबलात तरी लागेल. अमेरिकेत आतल्या आत विमान बदलायची सोयच नाही, सगळ्यांना इमिग्रेशनमधून जावं लागतं, त्यासाठी सी-१ ट्रान्झिट व्हिसा (नुसता वाटेत थांबण्यापुरता) किंवा आधीचा चालू बी१/बी२, म्हणजे बिझनेस-टूरिस्ट व्हिसा पाहिजे. त्यापेक्षा युरोपमार्गे बघा, पण तिथेही काही देश भारतीयांकडून एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा मागतात, म्हणून त्या देशाच्या दूतावासाची साइट बघूनच बुक करा. आणि रूटमध्ये दोन शेंगेन एअरपोर्ट येऊ देऊ नका, पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम ही त्यांच्यासाठी घरातल्या घरातली फ्लाइट, म्हणजे पॅरिसलाच इमिग्रेशन आलं आणि शेंगेन व्हिसा लागला. केळी बघायला जाताय याचा खरंच आनंद वाटला, इक्वाडोर एक्स्पोर्टमध्ये जगात पहिला आहे, नक्की जा.

प्रश्न (चोपडा): मुलगा टोरांटोला शिकतो, पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आहे. लंडनला विमान बदलायचंय.

व्हिसा चालू असेल आणि एकच तिकीट असेल तर यूकेचा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही ताई. सुट्टीत घरी आल्यावर मात्र तारीख बघा, व्हिसा संपला तर स्टडी परमिट चालू असलं तरी नुसत्या परमिटवर कॅनडात परत जाता येत नाही.

प्रश्न (शहादा): आईच्या पासपोर्टवर ईसीआर आहे. बहिणीकडे अमेरिकेला जायचंय, व्हिसा झालाय, विमान दोहामार्गे. अडवतील का?

नाही. ईसीआर म्हणजे कमी शिकलेली माणसं आखाती आणि अजून काही, अशा एकूण 18 देशांत कामाला जातात तेव्हा आधी सरकारची परवानगी लागते याची खूण, 1983 च्या कायद्यातली. आई नोकरीला चालल्या नाहीत आणि दोहात उतरून राहणारही नाहीत. अमेरिकेत मात्र पहिल्या एअरपोर्टवर बॅग घेऊन परत टाकावी लागते, त्यामुळे पुढची फ्लाइट असेल तर मधे तीन तास तरी ठेवा आणि व्हीलचेअर आधीच बुक करा.