दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर, माशांच्या लिलावाला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जातोयस ना?

अरे नोव्हेंबर मस्त निवडलास, कुरव पक्षी आलेले असतात आणि पावसाचा चिखलही नाही. लेन्सचं नंतर बघू, आधी एवढंच:

- चारलाच पोच. सहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि नवखे सगळे सुवर्णदुर्ग आणि सूर्यास्ताच्या नादात लिलावाकडे पाठ करून उभे असतात, खरी मजा तर तिथेच.
- मासे विकणाऱ्या मावश्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नको. आधी थोडी कोलंबी घे, गप्पा मार, मग विचार. मी न विचारता काढलेला, अशा शिव्या खाल्ल्या की बास (बरोबरच होतं त्यांचं).
- रबरी चप्पल घाल, बुटांचा वास आठवडाभर जात नाही.

जाळी दुरुस्त करणारे काका, वाळत घातलेली सुकट, हे दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत.