वाड्याच्या भिंतीतली मयूरशिखा

प्रश्न : साताऱ्यातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत पंख्यासारखं इवलंसं नेचं उगवतं. दोनदा उपटून कुंडीत लावलं, दोन्ही वेळा कुजलं. काय चुकतं?

उत्तर : ही मयूरशिखा, ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. उंची जेमतेम वीतभर, पान ताडाच्या पानाची छोटी प्रतिकृतीच. उपटताना मुळं फटीतच तुटतात, आणि शेणखताच्या ओल्या मातीत उरलेली कुजतात. तिला निचरा हवा, खत नको. उन्हाळ्यात पानं करडी होऊन गुंडाळतात. मेली समजून काढू नका, पावसात ती पुन्हा उलगडतात.

रोप उपटण्यापेक्षा बीजाणू पेरा. पानामागची दुमडलेली कड तपकिरी झाली की एकच पान कापून कागदी पाकिटात २-३ दिवस ठेवा. तळाशी बारीक भुकटी साचते, तेच बीजाणू, नेच्याचं बियांसारखं काम करणारे कण. विटेचा चुरा आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा चुरा निम्मा-निम्मा कुंडीत भरून त्यावर उकळतं पाणी ओता, नाहीतर शेवाळ आणि बुरशी आधी माजतात. गार झाल्यावर भुकटी अगदी विरळ भुरभुरा, काच झाका, सावलीत ठेवा. पाणी बशीतून, खालूनच. काही आठवड्यांनी नखाएवढेही नसलेले हिरवे पापुद्रे दिसतील. शेवाळ समजून ते खरवडू नका, नवी रोपं त्यांतूनच येतात.

आणि वाड्याची डागडुजी काढलीत, तर त्या फटी सिमेंटने बुजवू नका.