जानेवारीतलं ओव्हरक्लॉक एप्रिलात का कोसळलं

तुमचा प्रश्न मला नीट कळलाय का, ते आधी बघू. एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, एका १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, घर कोथरूडला, वरच्या मजल्यावर. जानेवारीत ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवून, सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज १.३५, सिनेबेंच चाचणीत ७८ अंश, सगळं झकास. आता एप्रिलअखेर त्याच सेटिंगवर मशीन रेंडरच्या मध्येच रीस्टार्ट होतंय. म्हणून तुम्ही व्होल्टेज १.४० केलंत, तर तापमान ९५ ला जाऊन टेकलं. आता वॉटर कूलर घेऊ का, असं विचारताय.

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको.

एअर कूलर म्हणजे माठ नव्हे. माठातलं पाणी झिरपून उडून जातं, म्हणून आतलं पाणी हवेपेक्षा गार होतं. कूलरच्या हीटपाइपमध्येही द्रवाची वाफ होते, पण ती बंद नळीत, आणि उष्णता शेवटी सोडायची ती खोलीतल्याच हवेत. त्यामुळे कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा किती अंश वर ठेवतो, एवढंच मोजायचं. जानेवारीतल्या रात्री तुमची खोली २० अंशांवर असेल, तर फरक होता ५८ चा. आता स्लॅब तापून दुपारी खोली ३५ ला जात असणार. ३५ अधिक ५८ म्हणजे ९३. कूलर बिघडलेला नाही, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली नाही, उन्हाळा आलाय.

वॉटर कूलरचा रेडिएटरही ह्याच हवेत उष्णता सोडतो. शिवाय ५६००एक्सचे सहाही कोअर जेमतेम ८० चौरस मिमीच्या एका चिपवर बसलेत. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढणं हीच मुख्य अडचण आहे, पुढे ती नेणारा कूलर कितीही मोठा असो. थोडे अंश मिळतील, नाही असं नाही. पण त्यासाठी पंप नावाची बंद पडू शकणारी आणखी एक वस्तू विकत घ्याल.

आता रीस्टार्टचं. ९५ ला पोचल्यावर प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, नुसत्या त्यानं मशीन रीस्टार्ट होत नाही. पण चिप तापली की त्याच वेगासाठी तिला जास्त व्होल्टेज लागतं. ७८ अंशांवर १.३५ जेमतेम पुरत होतं, नव्वदीत ते कमी पडलं. तुम्ही व्होल्टेज वाढवलंत, आणि नेमका तिथेच घोळ झाला. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३५ वरून १.४० म्हणजे जवळपास साडेसात टक्के जास्त उष्णता. ५८ चा फरक झाला ६२, त्यात खोलीचे ३५ मिळवा, झाले ९७. ह्या प्रोसेसरची मर्यादाच ९५ आहे. शिवाय गरम चिपमधून गळणारा करंटही वाढतो, तो हिशेबात धरलेलाच नाही.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? ५६००एक्स कंपनीच्याच सेटिंगवर एकेका कोअरला ४.६ पर्यंत नेतो. म्हणजे गेममध्ये तुमच्या हाताला जवळजवळ काहीच लागलेलं नाही. रेंडरमध्ये थोडं मिळतंय, त्यासाठी खोलीत तंदूर पेटवलाय.

मला ओव्हरक्लॉकिंगचं वावडं नाही. १९९८ चा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर बसचा (प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा सरळ ४५० व्हायचा. माझ्याकडे पुढे क्यू६६०० होता. २६६ ची बस ३३३ केली की २.४ चा ३.० गिगाहर्ट्झ, पंचवीस टक्के फुकट! तेव्हा कंपन्या चिपमध्ये बरीच जागा शिल्लक सोडायच्या. आता बूस्टच्या नावाखाली ती जागा प्रोसेसर स्वतःच खाऊन टाकतो. आपल्यासाठी उरतं ते ताटाच्या कडेचं लोणचं.

त्याच क्यू६६०० नं मला धडाही शिकवला. डिसेंबरात रात्रभर प्राइम ९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) चालवलं, एकही चूक नाही, म्हणून कॉलर ताठ करून फिरत होतो. मे महिन्यात भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ रेंडर करायला घेतला. सदाशिव पेठेतली पत्र्याखालची खोली, दुपारचे दोन. तीनदा मशीन मध्येच बंद पडलं. चौथ्यांदा पूर्ण झालं, तर सप्तपदीच्या मधोमध पडदाभर हिरवे चौकोन! बहीण अजून ऐकवते. तेव्हापासून मी डिसेंबरात केलेली चाचणी धरतच नाही. पुण्यात ओव्हरक्लॉक मे महिन्याच्या दुपारी तीनला, खोलीतला पंखा बंद करून तपासायचं. तिथे टिकलं तर वर्षभर टिकतं.

तुमच्यासाठी मी काय करेन? आधी बायोसमध्ये हाताने घातलेला वेग आणि व्होल्टेज, दोन्ही ऑटोवर नेईन. मग पीबीओ (प्रोसेसरनं स्वतःच घ्यायच्या बूस्टच्या मर्यादा बदलणारी सेटिंग) चालू करून पीपीटी, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, ९० वॅटवर ठेवेन (मुळात ते ७६ असतं) आणि तापमानाची मर्यादा ८५ घालेन. त्यानंतर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग), सगळ्या कोअरना उणे १०. तीन-चार दिवस वापरायचं, मग उणे १५, मग उणे २०. ह्यात एकेका पायरीला व्होल्टेज अगदी थोडं, काही मिलिव्होल्टनं कमी होतं. तेवढ्याच वॅटमध्ये जास्त वेग बसतो आणि एकेका कोअरचा बूस्टही शाबूत राहतो. मात्र सगळ्या कोअरवर स्वतः घातलेलं १.४० पुन्हा नको. हलक्या कामात एचडब्ल्यूइन्फो (तापमान-व्होल्टेज दाखवणारा प्रोग्रॅम) क्षणभर १.४५ दाखवेल, ते बघून घाबरू नका. तेव्हा करंट कमी असतो, आणि तो निर्णय चिपचा स्वतःचा असतो.

उणे आकडा जास्त झाला तर मशीन प्राइम ९५ मध्ये पडेलच असं नाही. ते पडतं रात्री अकराला, तुम्ही निवांत बातम्या वाचत असताना, कारण एकच कोअर उंच बूस्ट घेतो तेव्हा व्होल्टेज अपुरं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (हा हार्डवेअरच्या चुका टिपतो) १८ किंवा १९ क्रमांकाची नोंद दिसली, तर पाच पायऱ्या मागे या. कोअरसायकलर नावाचा प्रोग्रॅम एकेक कोअर वेगळा तपासतो, तो रात्रभर लावून ठेवा. आणि एक, पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझरही एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे, वॉरंटीत बसत नाही.

कॅबिनेटबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि मला खरी शंका तिथेच आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर टेबलाला खाली कप्पा असतो, त्यात कॅबिनेट कोंबलेलं असतं, मागे भिंत. आतली गरम हवा तिथेच घुटमळते, म्हणजे कूलरच्या दृष्टीनं ‘खोली’ ३५ ची नाही, ४५ ची. तपासायला पैसे लागत नाहीत. कॅबिनेट बाहेर काढा, बाजूचं पॅनल उघडा, तीच चाचणी पुन्हा करा. तापमान सहा-सात अंशांनी उतरलं, तर दोष कूलरचा नाही. मग तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) १२० मिमीचे दोन पंखे आणा, पुढून आत आणि मागून बाहेर असे लावा. कूलरचा पंखाही मागच्याच दिशेनं फुंकतोय ना, ते बघा. धूळ रंगाच्या मऊ ब्रशनं काढा, ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवा. आणि कृपा करून खोलीतला वाळ्याचा कूलर कॅबिनेटसमोर लावू नका. ती दमट हवा मदरबोर्डला नको.

पेस्ट बदलायचीच असेल तर एएम४ चा (तुमच्या मदरबोर्डवरचं सॉकेट हेच) कूलर सरळ वर ओढू नका. थंड पेस्ट घट्ट धरते आणि प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट उपटून येतो. पिन वाकल्या की सुईनं सरळ करत बसायची वेळ येते. आधी दहा मिनिटं लोड चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, कूलर डावी-उजवीकडे हलके पिळा, मग उचला.

पॅनल उघडं आणि बंद, दोन्हीचे आकडे टाका, खोलीच्या तापमानासकट. दुपारी तीनचे हवेत, रात्रीचे नकोत.