बालविभागात पहिलीच ड्युटी आहे. मूल हात लावू देत नाही आणि मुलांच्या आया सांगितलेलं विसरतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, मुलं तुम्हाला बघून रडतात, तपासणी अर्धवट राहते आणि आया 'हो सिस्टर' म्हणून घरी जाऊन भलतंच करतात. माझी बालविभागात अकरा वर्षं झाली. त्यातून कळलं ते सांगते.

मुलाला लगेच हात लावू नका. दोन पावलं लांब उभं राहून आईशी बोला, नजर मात्र बाळावर ठेवा. ते तुमच्याकडे बघतंय का? आईला बिलगलंय की मान टाकून पडलंय? रडणारं मूल एक वेळ परवडलं, गप्प पडून राहिलेल्या मुलाची मला जास्त काळजी वाटते.

श्वास सगळ्यात आधी मोजा. एकदा रडायला लागलं की तो आकडा कामाचा राहत नाही. बाळ आईच्या मांडीवरच असू द्या आणि झबलंही आईलाच वर करायला सांगा. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरला, तर श्वास जलद आहे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा. थर्मामीटर, कान, घसा हे सगळं शेवटी.

जुलाबाचं बाळ असेल तर बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी उभी चिमटीत धरून सोडा. नखं लागू देऊ नका. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घडी तशीच राहिली तर अंगातलं पाणी फार कमी झालंय. अगदी रोड मुलात मात्र ही खूण फसवते. डोळे खोल गेल्यासारखे वाटले तर आईला विचारा, 'ताई, याचे डोळे रोज असेच असतात का?' तिच्याइतकं ते कुणालाच माहीत नसतं.

आता समजावण्याबद्दल. सुरुवातीच्या काळात मी एका आईला सांगितलं होतं, 'ओआरएस पाण्यात मिसळून देत राहा.' दोन दिवसांनी ती परत आली, बाळ आणखी मलूल. तिने लिटरभर पाण्याची अख्खी पुडी एका पेल्यात कालवली होती. मी माप सांगितलंच नव्हतं, चूक माझी होती. इतकं खारट पाणी बाळाला घातक ठरू शकतं.

तेव्हापासून मी पुडी आईच्याच हातात देते. लिटरची रिकामी बाटली, उकळून गार केलेलं पाणी, अख्खी पुडी, सगळं तिनेच करायचं आणि चव स्वतः घ्यायची. अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. 200 मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवरचं माप तिच्याकडूनच वाचून घ्या, वाचता येत नसेल तर बाटलीवर पेनाने रेघ मारून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यायचं. उरलेलं 24 तासांनी ओतून टाकायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. झिंकचं औषध जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायचं. हे शेवटचं हमखास राहून जातं, म्हणून मी पाकिटावर चौदा टिंबं काढून देते. रोज एक खोडायचं.

आणि 'समजलं का?' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. घरी दूध बंद करायचं की नाही हे बहुधा सासूबाई ठरवतात. म्हणून मी आईला म्हणते, 'आजींना फोन लावा आणि सगळं त्यांना सांगा, मी इथेच उभी आहे.' ती जिथे अडखळते, तेवढंच मी पुन्हा शिकवते.