वाचकांचे प्रश्न : कॅथलिक श्रद्धेकडे वळण्याची कारणे

प्रश्न : ख्रिस्त एकच, बायबलही जवळपास तेच, मग प्रोटेस्टंट घरात वाढलेली विचारी माणसे कॅथलिक का होतात? त्यांना पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो का?

उत्तर : बायबलमधील फरक वाटतो तितका किरकोळ नाही. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. आणि कोणती पुस्तके ग्राह्य धरायची, त्यांचा अर्थ कोणी लावायचा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याच प्रश्नाने अनेकांना कॅथलिक चर्चकडे नेले आहे. ऑक्सफर्डमधील अँग्लिकन, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चचे, धर्मगुरू जॉन हेन्री न्यूमन आपल्याच चर्चची बाजू भक्कम करण्यासाठी आरंभीच्या ख्रिस्ती शतकांचा अभ्यास करत होते. १८३९ मध्ये पाचव्या शतकातील एका धर्मवादाचा इतिहास वाचताना, आपली भूमिका रोमशी, म्हणजे पोपशी, फारकत घेतलेल्यांच्या भूमिकेशी मिळतीजुळती आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. तरीही प्रत्यक्ष निर्णयाला १८४५ साल उजाडले, आणि त्यापायी ऑक्सफर्डमधील पद व कित्येक जुने स्नेही दुरावले. ज्या मतांतराने पदरचे गमावले जाते, त्याची कारणे जरा अधिक लक्ष देऊन ऐकावीत, असे मला वाटते.

अर्थात, सगळेच इतिहासाच्या वाटेने येतात असे नाही. १९२२ मध्ये कॅथलिक झालेले लेखक जी. के. चेस्टरटन यांनी ‘पापांतून सुटका व्हावी म्हणून’ अशा आशयाचे कारण दिले होते. धर्मगुरूंसमोर पापनिवेदन करून क्षमेचे शब्द प्रत्यक्ष कानांनी ऐकणे, हे अनेकांना मोठे आश्वासन वाटते. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या आणि किशोरवयात श्रद्धा सोडून दिलेल्या तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन यांना सोळाव्या शतकातील स्पॅनिश कॅथलिक जोगीण, आविलाच्या संत तेरेसा, यांच्या आत्मचरित्राने वळण दिले. मिस्सा या कॅथलिक उपासनेतील भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, ही शिकवण काहींना ओढून घेते, तर काहींची गाडी नेमकी तिथेच अडते. विवाहासाठी धर्म बदलणारेही असतात; परंतु धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने मिश्रविवाह होऊ शकत असताना केवळ तेवढ्यासाठी श्रद्धा बदलणे मला पटत नाही.

राहिला बाप्तिस्मा. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तो रीतसर झालेला असेल, तर कॅथलिक चर्च तो पुन्हा देत नाही. श्रद्धेचा जाहीर स्वीकार, दृढीकरण (बाप्तिस्म्याची कृपा दृढ करणारा तैलाभ्यंगाचा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सातील ती भाकर ग्रहण करणे) एवढे पुरते. बाप्तिस्मा न झालेल्या प्रौढांना मात्र आधी शिक्षणाचा काळ पूर्ण करावा लागतो आणि त्यांचा प्रवेश बहुधा ईस्टरच्या पूर्वरात्रीच्या उपासनेत होतो.