पाणी वरून येतं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. होडीचे फोटो पाहिले. १९७४ ची, २७ फुटी, फायबरग्लासची. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत आपल्या माणसाची आणखी एक होडी झाली, बरं वाटलं. पण तळ घासून रंगवायचा आणि मग केबिनच्या गाद्या शिवायच्या, हा बेत तूर्त बाजूला ठेव. त्या तळाने पन्नास वर्षं समुद्र बाहेर ठेवलाय, आणखी एक वर्ष ठेवेल. त्यावरच्या बारीक फोडांनी होडी बुडालेली मी तरी पाहिली नाही.

तू आधी डेकवर जा. स्क्रूड्रायव्हर उलटा धर आणि त्याच्या मुठीने वीत-वीत अंतरावर ठोकत जा. मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसं. खणखणीत वाजलं तर पुढे सरक. भद्द वाजलं तर तिथे खडूने खूण कर. डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा प्लाय. कठड्याचा प्रत्येक खांब, दोर अडकवायचा प्रत्येक क्लीट त्याला भोक पाडून बसवलेला. भोकातलं सीलंट वर्षांनी सुकतं, पाऊस आत झिरपतो आणि बाहेर पडायला वाट नसते. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी फारशी तगत नाही. पावसाचं गोडं पाणी मात्र लाकडाचा भुगा करतं. म्हणून जुनी होडी समुद्रापेक्षा यार्डात, दुरुस्तीच्या आवारात, उभी राहून जास्त मरते.

मालवणला दर वर्षी होड्या किनाऱ्यावर ओढून फटींत कापूस ठासायचे, कलाफत करायचे. लाकूड देखभाल मागतं हे त्यांना ठाऊक होतं. फायबरग्लास आलं आणि आपण समजलो, आता काही करायला नको.

उपाय सोपा, पण वेळखाऊ. बोल्ट काढ, भोक मोठं कर, कडेचं ओलं लाकूड कोरून काढ, सुकू दे. खरंच सुकू दे, आठवडाभर. मग घट्ट केलेल्या इपॉक्सीने, म्हणजे राळ आणि हार्डनर कालवून कडक होणाऱ्या लुकणाने, भोक बुजव आणि त्या इपॉक्सीतच बोल्टाचं नवं भोक पाड. आता पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. बोल्टाखाली ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, लाव. सिलिकॉन नको, त्याचा चिकटा राहिला की पुढे त्यावर काहीच धरत नाही.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. एका थंड संध्याकाळी मी शहाणपणा करून हार्डनर थोडा जास्त घातला, लवकर वाळेल म्हणून. ते कधीच वाळलं नाही. दोन दिवस पटाशीने चिक्की खरवडत बसलो होतो. आणि मोठा डबा एकदम कालवू नकोस, भांड्यातच तापून धूर काढतो.

डेकनंतर चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्या. बाहेरून चकचकीत असल्या तरी उपसून काढ. स्टेनलेस स्टील हवेत टिकतं. डेकच्या आत, ओलाव्यात, प्राणवायू न मिळता ते गुपचूप गंजतं आणि चिरतं. तारा किती जुन्या हे आधीच्या मालकाला विचार. दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर बदल, इथे पैसे वाचवू नकोस. तळाला पाण्याखाली भोकं असतात, त्यांवरचे सीकॉक, म्हणजे पाणी बंद करायचे कॉक, हाताने फिरतात का बघ आणि प्रत्येकाशेजारी निमुळतं लाकडी बूच दोरीने बांधून ठेव. बाकी वायरिंग, स्टोव्ह, संडासाचा पंप, सगळं सावकाश.

पण सगळं एकदम उघडून बसू नकोस. मी तसं केलं आणि माझे तीन उन्हाळे यार्डात गेले. दुपारचा पश्चिमेचा वारा नुसता कानावर ऐकायचा. एक कोपरा उघड, मिटव, मग होडी पाण्यात घाल. चालवून बघितल्याशिवाय तिला खरं काय हवंय ते कळतही नाही. हिवाळ्याचा पाऊस नोव्हेंबरात लागतो, तोवर डेक झालं की पुरे.

शनिवारी नऊला यार्डात येतो. हे दोन माणसांचं काम आहे: एकाने वर बोल्ट गच्च धरायचा, दुसऱ्याने खालून फक्त नट फिरवायचं, नाहीतर टेपची पकड सुटते. वर मी बसेन. खालच्या कपाटात तू शिरायचं, माझं पोट तिथे मावत नाही.

तुझा,
काका